जाळीच्या आतले वेंकटराव

वेंकटराव कुठं कामाला आहेत असं कोणी विचारलं, की चंद्रमतीबाई एकच शब्द सांगायच्या, "सरकारी." विचारणारा आपल्यातला असला तर तिथंच थांबायचा आणि पाहुणे, पाऊस, पोरांची लग्नं असल्या विषयांकडे वळायचा. तंजावरात मराठी घरं ती किती! कोण काय करतो ते सगळ्यांना ठाऊक. पण ठाऊक असलेलं तोंडावर बोलू नये, एवढी सभ्यता या लोकांनी तीनशे वर्षं जपून ठेवली आहे. वेंकटरमण राव सरकारी दारूच्या दुकानात विक्रेते होते.

त्यांचे वडील हायस्कुलात गणिताचे मास्तर. मुलगा बी.कॉम. झाला, बँकांच्या परीक्षा देऊन देऊन थकला, आणि तिशी उलटली तेव्हा राज्य सरकारनं दारूची किरकोळ विक्री स्वतःच्या हातात घेतली. सरकारला माणसं हवी होती आणि वेंकटरावांना पगार. नेमणुकीचं कार्ड आलं ते मास्तरांनी उचलून चपलांच्या फळीवर ठेवलं. "जायाचं असल तर जा. माझ्यास सांगूं नोको," एवढंच ते बोलले. त्यानंतर नऊ वर्षं जगले, पण मुलाच्या कामाचा विषय त्यांनी काढला नाही.

वेंकटरावांनी स्वतः कधी थेंब चाखला नाही. रात्री घरी आले की मागच्या दारानं यायचे, सदरा बाहेरच्या दोरीवर टाकायचे, नळाखाली अंघोळ करायचे आणि मगच आत पाऊल ठेवायचे. बावीस वर्षांत यात खंड नाही. पाहणाऱ्याला वाटावं, माणूस स्मशानातून आलाय. चंद्रमतीबाई त्या सदऱ्यांना वेगळा साबण वापरत.

दुकान होतं जुन्या बसस्टँडच्या मागल्या गल्लीत. समोरची बाजू सगळी लोखंडी जाळीची, आणि छातीच्या उंचीवर हात जाईल एवढी खिडकी. जाळी इतकी दाट, आणि आत दिवसाही अंधार असा, की बाहेरच्या माणसाचा चेहरा कळायचा नाही, हात आणि सदऱ्याची बाही तेवढी दिसायची. गवंड्याचा सिमेंट लागलेला हात, हॉटेलवाल्याचा कांद्याच्या वासाचा हात, थरथरणारे हात. शेजारी पत्र्याची पाटी: एकवीस वर्षांखालील व्यक्तींना मद्य विकलं जात नाही. पाटी सरकारची, बाटली सरकारची, आणि पोरगं बिघडलं तर समुपदेशनाचा फोन नंबरही सरकारचाच. एका हातानं वाढायचं आणि दुसऱ्या हातानं तोंडावर बोट ठेवायचं, असा तो कारभार.

वेंकटराव मात्र ती पाटी खरी मानून चालत. आवाज कोवळा वाटला, मनगट बारीक दिसलं, की आतून प्रश्न यायचा, "वय?" मग, "आधार कार्ड दाखव." नसलं तर खिडकीवर हात आडवा. लोक शिव्या घालत. जोडीदार मणी सुरुवातीला हसायचा. हा मणी पापनाशमकडचा, पस्तिशीचा, दोन लहान मुलींचा बाप. रोज मोपेडवरून तासभर प्रवास करून यायचा. "सार, तुम्ही आपल्या बापालाही आधार मागाल," तो म्हणायचा. हळूहळू तोही मागायला लागला.

तीन वर्षांमागे एक नववीतला मुलगा शाळेच्या गणवेशात बसस्टँडच्या मुतारीमागं बेशुद्ध सापडला. जगला, पण शहर हादरलं. तेव्हा भुवनेश्वरी पुढं झाली. ती मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. मास्तरांची जुनी विद्यार्थिनी, आपल्या लोकांच्या मठाला लागून घर, नवरा रेल्वेत विळुपुरमला, शनिवार-रविवार येणारा. वेंकटरावांना ती लहानपणापासून अण्णा म्हणायची. तिनं गल्लीतल्या पंधरा बायका गोळा केल्या: इडलीवाली, शिंपीण, मशिदीमागच्या दोघी, नर्स. सगळ्यांनी मिळून कलेक्टर कचेरीत सोमवारच्या तक्रार-दिवशी अर्ज दिला, की शाळेजवळचं दुकान हलवा. टेप घेऊन माणसं आली. शाळेच्या फाटकापासून एकसष्ट मीटर भरलं. कायदा पन्नास म्हणतो. दुकान जागच्या जागी राहिलं.

"अकरा मीटर जास्ती आहे मणून लेंकरं पीत नाहींत कीं काय?" भुवनेश्वरी खिडकीशी येऊन म्हणाली होती. मराठीत. दारूच्या दुकानाच्या खिडकीशी उभी राहणारी आपल्यातली ती पहिली बाई असावी.

"अर्जानं नाहीं होत, भुवना," वेंकटराव आतून म्हणाले. "तुमी उभ्या राहा. चार ते सहा. शाळा सुटते तेव्हां."

तशी पहारा-समिती उभी राहिली. रोज दोघीजणी, त्यातली एक बहुतेक भुवनेश्वरीच, छत्र्या घेऊन समोरच्या कट्ट्यावर. मुलं स्वतः खिडकीशी यायची थांबली. आता ती मोठ्या माणसाला वरचे पैसे देऊन बाटली मागवायला लागली. हे बाहेरून ओळखणं कठीण. आतून वेंकटरावांना कळायचं, हातातल्या जमवून आणलेल्या चिल्लरीवरून, मागं कुजबुजणाऱ्या कोवळ्या आवाजांवरून. मग ते बिल करता करता मराठीत बोलायचे, फोनवर बोलल्यासारखे, मोठ्यानं: "भुवना, चौकड्यांचा शर्ट. दोघां लेंकरांस नेतो आहे." भुवनेश्वरी छत्री मिटून त्या शर्टामागं चालू लागायची. गल्लीच्या टोकाला पोरं सापडायची. पोलीस नाही, आरडाओरड नाही. पोराला घरी नेऊन आईबापांसमोर बसवायचं, आठवडाभर संध्याकाळी समितीतल्या कोणाच्या तरी घरी अभ्यासाला बोलवायचं. नावं कुठं लिहायची नाहीत, हा तिचा नियम. अशी एकोणीस मुलं परतवली त्यांनी. चुगली कोण करतं ते पिणाऱ्यांना कधी उमगलं नाही.

"सार, रायरांच्या भाषेत परत माझ्याबद्दल काय बोललात?" मणी विचारायचा. तमिळ लोक इथल्या रावांना रायर म्हणतात.

"तुझ्या मिशीबद्दल," वेंकटराव तमिळमध्ये सांगायचे, आणि दोघं हसायचे.

आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाला आपल्या कामाची लाज थोडी कमी वाटत होती. मठातल्या आराधनेच्या पंक्तीत तो पूर्वी खांबाआड बसायचा, आता चार पानं पुढं सरकला होता. आणि ही जी भाषा, जिला बाहेर कोणी विचारत नाही, घरात पोरं बोलत नाहीत, ती एवढ्या कामाला आली याचं त्यांना फार वाटायचं. त्यांची स्वतःची मुलगी लावण्या कोइंबतूरला नोकरीला. फोनवर हे मराठीत विचारायचे, ती तमिळमध्ये उत्तर द्यायची. कळायचं तिला सगळं, पण जीभ वळायची नाही. "आपल्यामागं हे अस्कं संपेल," असं ते चंद्रमतीबाईंना म्हणायचे. अस्कं म्हणजे सगळं.

भुवनेश्वरी घरी जेवताना या गमती सांगायची. चौकड्यांचा शर्ट कसा धरला, अण्णा आतून कसे बोलतात, चार ते सहाचा पहारा कसा. पानावर सासूबाई असायच्या, आणि तिचा एकुलता एक प्रणवेश, बारावीतला, सतरा वर्षांचा. तोही हसायचा.

डिसेंबरात सहामाही परीक्षेच्या आधी बारावीला दोन-तीन आठवडे अभ्यासाची सुट्टी लागली. दुकान उघडतं दुपारी बाराला. त्या वेळी समितीतलं कोणी नसे. चारच्या आधी मुलं येतात हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं. मणी मागच्या खोलीत परत आलेल्या रिकाम्या बाटल्या मोजत बसायचा. रिकामी बाटली परत केली की दहा रुपये मिळतात, आणि म्हणून प्रत्येक बाटलीवर दुकानाच्या नंबराचं चिकटपत्र असतं. एका गुरुवारी सव्वाबाराला खिडकीतून एक हात आत आला. गोरा, बोटांना शाई लागलेला, मनगटाला लाल दोरा.

"मामा," बाहेरून आवाज आला. "अज्जीचे गुडगे दुखताहेत. चोळायास ब्रांदी पायजे. क्वार्टर."

वेंकटरावांचे हात बिलाच्या मशीनवर थबकले. मामा! त्या खिडकीतून त्यांना सार म्हणत, अण्णे म्हणत, आईवरून म्हणत. मामा बावीस वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं. आणि मराठी कशी, तर स्वच्छ, म्हाताऱ्या माणसांच्या हाताखाली वाढलेल्या पोराची. त्यांना वाटलं, किती संकोच झाला असेल या घराला, पोराला इथं पाठवताना. गुडघ्याला ब्रँडी चोळतात हे खरंच. त्यांची आईही चोळायची. लवकर द्यावी आणि लेकराला कोणी पाहायच्या आत वाटेला लावावं. त्यांनी क्वार्टर काढली, पेपरात गुंडाळली.

"पिशवींत घाल रे. कोणास दाखवूं नोको."

"होय मामा."

वय विचारायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय, तो प्रश्न तोंडाशी आलाच नाही. तमिळ मुलाला आधार, मुसलमान मुलाला आधार, गवंड्याच्या पोराला तर दोनदा आधार. आपल्यातली मुलं पीत नाहीत, हे त्यांनी कुठल्याही पाटीपेक्षा पक्कं धरलं होतं. इतकं पक्कं, की तपासायची गरजच नव्हती.

पुढल्या गुरुवारी तो परत आला. "अज्जीस बरं वाटलं मामा. आणीक एक." वेंकटराव त्या दिवशी घरी जाऊन चंद्रमतीबाईंना म्हणाले, "एक पोर येतो. काय बोलतो म्हणतेस! लावण्यापेक्षां चांगलं." पोर कशाला येतो ते त्यांनी सांगितलं नाही, आणि बाईंनी विचारलं नाही.

तिसऱ्या गुरुवारी त्यानं अर्धी बाटली मागितली. तेव्हा मात्र वेंकटराव जाळीला तोंड लावून म्हणाले, "कोणाचा रे तूं?"

खिडकीतला हात मागं सरकला, मग उत्तर आलं, "मठाकडला."

मठाकडली मराठी घरं तीन. एकात दोघं म्हातारी, एकात तान्हं मूल. वेंकटराव बी.कॉम. होते, एवढा हिशेब त्यांना करता आला असता. त्यांनी तो केला नाही. बिलाच्या मशीनमध्ये कागद अडकला होता, मणी आतून रिकाम्या बाटल्यांसाठी पेटी मागत होता. त्यांनी अर्धी बाटली पेपरात गुंडाळून दिली.

त्याच दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला कल्लणै कालव्याच्या रस्त्यानं एक मोपेड पाण्यात गेली. पावसाचे दिवस, कालवा काठोकाठ. मागे बसलेला साईराम नावाचा पोरगा झाडाच्या मुळाला धरून वाचला. चालवणारा वाहून गेला. दोन दिवसांनी ओरत्तनाडुच्या अलीकडे कालव्याच्या पाणी अडवायच्या दरवाज्यापाशी प्रेत अडकलेलं मिळालं. प्रणवेश.

वेंकटरावांना बातमी चंद्रमतीबाईंनी सांगितली, आणि ऐकता ऐकता ते नळापाशी खाली बसले. रडले नाहीत. "कोठल्या वारीं?" असं दोनदा विचारलं. गुरुवार.

भुवनेश्वरीच्या घरी ते गेले. ओसरीवर माणसं मावत नव्हती. समितीतल्या बायका, परतवलेल्या एकोणीस मुलांपैकी किती तरी, भिंतीला टेकून उभी. भुवनेश्वरीनं त्यांना पाहिलं आणि सगळ्यांतून उठून आली. "अण्णा," ती म्हणाली, "मी दुसऱ्यांची लेंकरं धरत होतें. माझा कोठं होता पाहिलंच नाहीं." वेंकटरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिची सासू आतल्या खोलीत खाटेवर बसली होती, दोन्ही पाय खाली सोडून. गुडघ्यांवर कसलाही वास नव्हता. ते बघत राहिले, मग बाहेर आले.

मोपेडच्या डिकीत बाटली मिळाली होती, अर्धी रिकामी, चिकटपत्रासकट. दुकानाचा नंबर स्पष्ट. दुकानातला कॅमेरा मार्चपासून बंद होता. साईराम पोलिसांना म्हणाला की बाटली बारानंतर लगेच घेतली, पण तो स्वतः गल्लीच्या तोंडाशी थांबला होता, कोणी दिली ते त्यानं पाहिलं नाही. त्या वेळी दुकानात दोघंच: वेंकटराव आणि मणी.

यात विचार करण्यासारखं लोकांना काही वाटलंच नाही. वेंकटराव म्हणजे आधार मागणारे, मास्तरांचे चिरंजीव, पहाऱ्यातले आतले डोळे. मणी म्हणजे मिशीवाला, बाहेरगावचा, कधीकाळी हसत कोणालाही देणारा. गल्लीतल्या बायकांनी पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं. मणीला रोज सकाळी दहाला ठाण्यात बोलवायचे आणि संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवायचे. त्याची बायको धाकटीला कडेवर घेऊन फाटकाबाहेर बसायची.

मणीचा जबाब वेंकटरावांना इन्स्पेक्टर बाईंनीच वाचून दाखवला. "मी दिली नाही, मी मागं बाटल्या मोजत होतो. सारांनी तर नाहीच नाही. सार बापालासुद्धा आधार मागतात. कोणीतरी बाहेरच्यानं घेऊन पोराला दिली असेल." बाई म्हणाल्या, "बघा, स्वतःचं नाव काढायला तुमचं सर्टिफिकेट पुढं करतोय." वेंकटराव घरी आले आणि जेवले नाहीत.

त्या दिवशी मागच्या दाराशी त्यांनी चंद्रमतीबाईंना सगळं सांगितलं. सदरा हातात तसाच होता. त्यांनी तो ओढून घेऊन बादलीत टाकला. मग म्हणाल्या, "कोणी पाहिलं?"

"कोणी नाहीं."

"मग उगे असा."

"मणीस धरतील, चंद्रा. दोन लेंकी आहेत त्याला."

"आमास एक आहे. पुढल्या मासांत तिला पाहायास येणार आहेत. पहिल्यानेंच तुमची नोकरी मी कशी सांगतें ते मला ठाऊक." त्यांनी बादली नळाखाली ओढली. "अठरांच्या आंतल्या लेंकरास दिल्हं तर सात वर्षं मणतात. सात! आणि भुवना? तिला काय सांगाल तुमी? तीच तुम्हांस अण्णा मणते."

बाई वाईट नव्हती. बावीस वर्षं तिनं त्या सदऱ्यांचा वास धुतला होता, आता तिला उरलेलं घर वाचवायचं होतं. ते उगे राहिले. नऊ दिवस. माणूस भित्रा निघाला, असं म्हणायला आपल्याला काय जातं. त्या नऊ दिवसांत ते दुकानात जात होते, खिडकीतून येणाऱ्या प्रत्येक हाताला वय विचारत होते, पांढऱ्या केसांच्या म्हाताऱ्यांनासुद्धा. लोकांना वाटलं, यांच्या डोक्यावर परिणाम झाला.

दहाव्या दिवशी, सोमवारी, अकरा वाजता त्यांना ठाण्यात बोलावलं. मणी बाहेरच्या बाकावर होता. दाढी वाढलेली, पायात चपला नाहीत. त्यांना पाहून तो उठून उभा राहिला, दुकानात राहायचा तसा.

"सार, जेवलात?" त्यानं विचारलं.

आत इन्स्पेक्टर बाईंच्या टेबलासमोर भुवनेश्वरी बसली होती. कपाळ मोकळं वाटावं इतकं बारीक कुंकू, मांडीवर समितीची फाईल. बाईंनी एक कागद वेंकटरावांपुढं सरकवला. तमिळमध्ये टाईप केलेला, सात-आठ ओळी. गुरुवारी बारा ते साडेबारा या वेळात विक्रीच्या खिडकीवर मणी होता. मी मागच्या खोलीत बाटल्या मोजत होतो. खाली सहीची जागा.

"असं मी सांगितलं नव्हतं," वेंकटराव म्हणाले.

"तुम्ही काहीच सांगितलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "आठवत नाही, आठवत नाही, एवढंच. मग आम्ही विचारून विचारून जुळवलं. दोघांत एक खिडकीवर, एक मागं. तुम्ही मुलाला देणार नाही, हे सगळं गाव सांगतंय. चुकीचं असेल तर बोला. बरोबर असेल तर सही करा, आज अटक दाखवते. मुलाला दारू दिली म्हणून सात वर्षांपर्यंतचं कलम आहे. बाकीच्या दुकानांनाही जरब बसेल."

वेंकटरावांनी पेन उचललं नाही. भुवनेश्वरी त्यांच्याकडे वळली. ती मराठीत बोलली, खिडकीशी बोलायची तशीच, हळू. "सही करा अण्णा. तुमी खोटं बोलणार नाहीं, हे मला ठाऊक आहे. मास्तरांचे तुमी. त्याला सोडूं नोका. आणीक कोणाच्या लेंकरास देऊं नये त्यानं."

इन्स्पेक्टर बाई फाईल चाळत होत्या. हवालदार दारात उभा. या खोलीत आपण काय बोलतो ते हिच्यावाचून कोणाला कळत नाही, ही जुनी सवय वेंकटरावांच्या अंगात होती. त्या सवयीच्या आडोशानंच त्यांना धीर आला.

"भुवना," ते म्हणाले, "मणीनं नव्हे. मी दिल्हं."

तिनं दाराकडे, बाहेरच्या बाकाकडे पाहिलं.

"जाळींतून दिसला नाहीं. आपल्या भाषेंत बोलला. मामा मटला मला. अज्जीच्या गुडग्यास पायजे मटला. अस्क्यांस वय विचारतों, त्याला विचारलं नाहीं. आपला मणून विचारलं नाहीं."

"किती वेळां?" तिचा आवाज वर्गात विचारावं तसा कोरडा होता.

"तीन."

"तो कोण, तुम्हांस कळलं होतं?"

वेंकटरावांना खोटं बोलता आलं असतं. तिथं ते धरणारं कोणी नव्हतं. "तिसऱ्या वेळेस मठाकडला मटला. कळून घेटलं नाहीं मी. ह्या हातांनीं पेपरांत गुंडाळून दिल्हं. कोणास दाखवूं नोको मणून वर सांगट्लं."

भुवनेश्वरीच्या मांडीवरची फाईल घसरून खाली पडली. तिनं उचलली नाही. एकदा दोन्ही हात तोंडावर नेले, आणि परत खाली घेतले. ती ओरडेल असं वेंकटरावांना वाटलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. घरात, पानावर बसून, हसत हसत आपण काय काय सांगत होतो ते तिला एकेक करून आठवत असणार. चार ते सहा. अण्णा आतून मराठीत बोलतात.

"काय झालं, टीचर?" इन्स्पेक्टर बाईंनी मान वर केली. "काय म्हणतायत?"

वेंकटराव घाईनं, खालच्या आवाजात म्हणाले, "भुवना, तूं जें मणशील तें करतों. लावण्याचं येवढं—"

"तमिळांत सांगा," भुवनेश्वरी म्हणाली.

"भुवना..."

"आपल्या भाषेंत नोको. आतां पुरे. मला सांगट्लं तें त्यांस सांगा. दार उघडं आहे, मोठ्यानं सांगा. बाहेर मणी बसला आहे, त्यालाही कळूं द्या." मग तिनं तोंड फिरवलं आणि तमिळमध्ये इन्स्पेक्टर बाईंना म्हणाली, "मॅडम, या सारांना जबाब बदलायचा आहे."

सार. पाच वर्षांची असल्यापासून अण्णा म्हणणाऱ्या पन्नास वर्षांच्या बाईनं त्यांना सार म्हटलं. वेंकटरावांना ते सात वर्षांपेक्षा जड गेलं.

ते उभे राहिले. तमिळमध्ये सांगायला लागले तेव्हा शब्द सापडेनात, ज्या भाषेत जन्म काढला त्याच भाषेत. मग सापडले. बाराला दुकान उघडलं. खिडकीवर मी होतो. मणी मागं बाटल्या मोजत होता. मुलगा आला. मी दिली. आधी दोनदा दिली होती. तिसऱ्यांदा अर्धी बाटली दिली. दाराबाहेर बाक करकरला आणि मणी उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. हवालदारानं त्याला अडवलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद नव्हता. तो वेंकटरावांकडे असा पाहत होता, जणू यांना कोणीतरी बळजबरीनं बोलायला लावलं असावं.

"सार, असं नका सांगू," तो म्हणाला. "तुम्ही दिली नसणार."

"मी दिली, मणी."

इन्स्पेक्टर बाईंनी टाईप केलेला कागद उचलला, दोन तुकडे केले आणि खणातून कोरा कागद काढला. पेनचं टोपण उघडलं. भुवनेश्वरी खुर्चीवर तशीच बसून होती, भिंतीकडे तोंड करून, आणि फाईलमधले कागद तिच्या पायांपाशी पसरले होते.

"नाव?" बाईंनी विचारलं.

"वेंकटरमण राव."

"वय?"

वेंकटरावांच्या तोंडून शब्द निघेना. बाईंना वाटलं, ऐकू आलं नसेल. त्यांनी मान वर करून, जरा मोठ्यानं, पुन्हा विचारलं.